कंडम डब्याची चिंबोरी

कंटेनर दुरुस्त झाला की त्याची शेवटची तपासणी अंधारात होते. एकाने आत शिरायचं, साथीदाराने बाहेरून दोन्ही दारं लावून घ्यायची आणि आतल्याने डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प उभं राहायचं. छताला, भिंतीला, कोपऱ्याला कुठे सुईच्या टोकाएवढं जरी भोक राहिलं असेल तरी तिथून उजेड आत येतो. त्याभोवती खडूने गोल करायचा आणि बाहेर येऊन तिथे टाका मारायचा. न्हावा शेव्याच्या यार्डांत याला 'लाइट टेस्ट' म्हणतात. २००३ साली मी रिकाम्या कंटेनरच्या यार्डात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा पहिले सहा महिने माझ्याकडे हेच काम होतं. वैशाखात डब्याच्या आत पाच मिनिटं काढणं सोपं नसतं. पत्रा तापलेला, वारा नाही, आणि आधी भरलेल्या मालाचा वास अजून कोंडलेला. कधी कांद्याचा, कधी कातड्याचा, कधी नाव न सांगता येणाऱ्या रसायनाचा.

२००५ च्या पावसाळ्यानंतर एक वीस फुटी डबा आला. दार लागलं, डोळे सरावले, आणि मला खडू उचलायचं सुचलंच नाही. छतभर भोकं होती. मोजायची सोय नव्हती इतकी. लहानपणी मिठागराच्या बांधावर वडिलांच्या शेजारी झोपायचो तेव्हा दिसायचं तसं आभाळ त्या डब्यात उतरलं होतं. साथीदार बाहेरून पत्रा ठोकून विचारत होता, "किती निघाली रे?" मी दार उघडायला सांगितलं आणि सर्व्हेअरला बोलावलं. त्याने एकदा आत डोकावून पाहिलं आणि दारावर खडूने लिहिलं, कंडम.

कंडम डबा म्हणजे दुरुस्तीचा खर्च त्याच्या किमतीच्या वर गेलेला डबा. तो भंगारवाला विकत घेतो आणि गॅस कटरने कापून वजनावर पुढे पाठवतो. या डब्याच्या छताचा आठ फूट बाय दहा फुटांचा तुकडा मी भंगारवाल्याकडून वजनाचे पैसे देऊन, पावती करून घेतला आणि घरामागे आंब्याला टेकवून ठेवला. त्याचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. पुढची चौदा वर्षं तो तिथेच उभा होता.

बाहेरच्या माणसाला न्हावा शेवा म्हणजे पनवेलहून उरणकडे जाणारी ट्रेलरची रांग. आमच्यासाठी ती दोन गावांची नावं आहेत. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याआधी इथे खारजमिनीतली भातशेती, मिठागरं आणि खाडी होती. शेव्याचा कोळीवाडा उठून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात गेला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. बंदराने कोणाला काय दिलं आणि कोणाचं काय नेलं, हा हिशेब आमच्या प्रत्येक घरात वेगळा आहे आणि तो एका लेखात मावणारा नाही. पण एक गोष्ट बंदराने सगळ्यांच्या दारात आणून टाकली, ती म्हणजे लोखंड. रस्त्याच्या कडेला, भाताच्या जुन्या बांधावर, घराच्या कुंपणात, गोठ्याच्या दारात, जिथे पाहाल तिथे कंटेनरचा एखादा अवयव दिसतो. २०२४ या एका वर्षात या बंदरातून सत्तर लाख टीईयूंच्या वर, म्हणजे वीस फुटी डब्याच्या मापाने तितके डबे, हाताळले गेले. इतक्यांतले थोडे मोडणारच, आणि मोडलेला डबा सहसा आला त्या वाटेने परत जात नाही.

या लोखंडाशी माझं जे नातं आहे ते शिल्पकाराचं नाही, वेल्डरचं आहे. मला वस्तू आधी हाताने कळते. डब्याच्या आठ कोपऱ्यांना ओतीव पोलादाचे पोकळ ठोकळे असतात, त्यांना कॉर्नर कास्टिंग म्हणतात. लांबी १७८, रुंदी १६२, उंची ११८ मिलिमीटर. डबा चीनमध्ये बनलेला असो की कोरियात, हे माप बदलत नाही, म्हणून जगातली कुठलीही क्रेन कुठलाही डबा उचलू शकते. माल्कम मॅकलिन या अमेरिकन वाहतूकदाराने २६ एप्रिल १९५६ ला नेवार्कहून ह्यूस्टनला एका जहाजावर ५८ डबे पाठवले तिथून हा सगळा कारभार सुरू झाला. दाराला उभे लॉक रॉड असतात आणि त्यांच्या टोकांना कॅम. चौकटीवरच्या कीपरमध्ये अडकून दार घट्ट धरणारा हा कॅम हातात घेतला की तो एखाद्या प्राण्याच्या जबड्यासारखा दिसतो, हे मी यार्डात पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं. पण 'दिसतो' म्हणणं आणि त्याचं काही करणं यात माझी दहा-अकरा वर्षं गेली.

२०१४ मध्ये गावच्या तळ्याकाठी ग्रामपंचायतीने छोटी बाग करायला घेतली. चालायला वाट, दोन झोपाळे, आणि फायबरचे प्राणी बसवायचे ठरत होते. त्या प्राण्यांच्या पुस्तिकेत जिराफ, हरीण आणि कांगारू होते. बैठकीत मी म्हटलं, जिराफ आपल्या तळ्यावर कधी आला होता? आपल्याकडे चिंबोरी आहे, निवटी आहे, जिताडा आहे, बगळे आहेत. सरपंच म्हणाले, मग तूच बनव. लोखंडाचे पैसे पंचायत देईल, मजुरी मात्र मिळणार नाही. मी हो म्हटलं.

चिंबोरी निवडायचं कारण एक तुटलेली भिंत होती. प्रवासात आतला माल सरकून एका डब्याची पुढची भिंत बाहेरच्या बाजूला फुगली होती. लाटालाटांचा पत्रा मधोमध उचलला गेला होता आणि कडांकडे सपाट होत गेला होता. यार्डात अशा फुगवट्याला जॅक लावून सरळ करतात. हा सरळ होण्यापलीकडे गेला होता. भंगारवाल्याच्या आवारात तो आडवा पडलेला पाहिला आणि मला थेट खेकड्याची पाठच दिसली. म्हणून मी तो फुगवटा तसाच ठेवला, ठोकून गोल केला नाही. ज्या धक्क्याने तो डबा मेला, त्याच धक्क्याने ही पाठ तयार झाली होती. त्यावर डब्याच्या नंबराचा अर्धा भाग होता. प्रत्येक कंटेनरला चार अक्षरं, सहा आकडे आणि पुढे चौकटीत एक सातवा आकडा असतो. आधीची अक्षरं-आकडे बरोबर लिहिलेत की नाही हे त्या सातव्या आकड्यावरून ताडून बघता येतं. माझ्या तुकड्यावर शेवटचं अक्षर, तीन आकडे आणि पुसट निळा रंग उरला होता. तो मी खरवडला नाही. मुलांना आजही सांगतो, ही चिंबोरी अर्धं जग फिरून आली आहे, हा बघ तिचा नंबर.

नांग्यांना कॅम लावले, दोन्हीकडे दोन-दोन, एकमेकांसमोर. पाय लॉक रॉडचे, गॅसवर तापवून दोन ठिकाणी वाकवलेले. डोळ्यांसाठी ट्रेलरच्या चाकातल्या टेपर बेअरिंगचे रोलर घेतले, कारण चिंबोरीचे डोळे गोळीसारखे नसतात, देठावर उभे असतात. सगळं टाक्यांवर उभं करून घरासमोर मांडलं आणि गावातल्या लोकांना बघायला बोलावलं. वाहवा झाली. मग आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी आल्या. पाटी खाली ठेवली, पदराने घाम पुसला आणि चारी बाजूंनी फिरल्या.

"मागचा पाय गोल कसा?" त्या म्हणाल्या. "तो चपटा पायजे, वल्ह्यावानी. त्याशिवाय पोहेल कशी?"

मी जन्मभर चिंबोरी खाल्ली, पण मागच्या जोडीचा पाय असा आहे हे कधी नीट पाहिलं नव्हतं. मावशींनी पाटीतलीच एक उचलून दाखवली. बांधलेली दोरी न सोडता अंगठ्याने मागचा पाय बाजूला केला. शेवटचं पेर खरंच वल्ह्याच्या पात्यासारखं होतं. मग त्यांनी ती उलटी केली. पोटाखालचं झाकण निमुळतं असलं तर नर, पसरट असलं तर मादी. "तुझी कोणती?" मी गप्प. माझ्या चिंबोरीला पोटच नव्हतं, वरून दिसणार नाही म्हणून मी ते केलंच नव्हतं. "लहान पोर खाली वाकून बघनार. त्याला काय दिसंल?" त्या म्हणाल्या.

मी चारही मागचे टाके तोडले. ट्रेलरच्या कमानीचे पाटे कापून चपटी पेरं केली. स्प्रिंगचं पोलाद वेल्डिंगला नाठाळ असतं, घाईत जोडलं तर शेजारून तडा जातो, म्हणून आधी गरम करून, कोरडा ७०१८ रॉड लावून, वाळूत हळूहळू थंड करत एक दिवस त्यात गेला. पोटाला पसरट झाकण केलं. मादी केली. अजूनही लहान मुलं बागेत आली की आधी गुडघ्यावर बसून पोट बघतात, आणि बरोबरच्या नव्या मुलाला सांगतात. तळ्याकाठच्या त्या मुलांना नर-मादीची खूण आता पाठ आहे. भंगाराच्या कामाचं मोल मला कशात वाटत असेल तर यात.

या कामात एक धडा अंगावर आला, तो सांगतो. लॉक रॉडवर जस्ताचा मुलामा असतो. तो ग्राइंडरने काढल्याशिवाय वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मला हे माहीत होतं. माझ्या पुतण्याला मी मदतीला घेतलं होतं आणि उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून त्याला रात्री पाय जोडायला बसवलं. मुलामा काढायचं सांगायला विसरलो. पहाटे तो दोन गोधड्यांखाली कुडकुडत होता. दीड दिवसात उतरला ताप, पण वहिनीसमोर उभं राहायला मला जड गेलं. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: जस्त आधी उतरवायचं, रंग जाळायचा नाही, खरवडायचा, कारण जुन्या डब्यांच्या रंगात काय आहे ते सांगता येत नाही. आणि कंटेनरच्या तळाचं २८ मिलिमीटरचं प्लायवूड बाकासाठी वापरायचं नाही. ते कितीही मजबूत असलं तरी किडीपासून वाचवायला त्यात औषध मुरवलेलं असतं. त्याच्यावर मुलाने बसून खाऊ खावा असं मला वाटत नाही.

बागेत लोखंड उभं करायचं म्हणजे अर्धं काम जमिनीखाली असतं. आमच्याकडे तळ्याकाठची बरीच माती भरावाची आहे, पावसात बसते. चिंबोरीखाली दोन फूट खड्डा, सळयांची जाळी, काँक्रीट, त्यात चार फाउंडेशन बोल्ट आणि वर १० मिलिमीटरची बेस प्लेट आहे. मुलं चढणार हे धरूनच चालायचं. 'चढू नये' असा बोर्ड लावणं म्हणजे आपलं काम मुलांवर ढकलणं. आम्ही तिघा मोठ्या माणसांनी पाठीवर उभं राहून उड्या मारून पाहिल्या. सगळ्या कडा घासून झाल्यावर आईची जुनी सुती ओढणी प्रत्येक कडेवरून ओढली. जिथे धागा अडकला तिथे पुन्हा ग्राइंडर. अकरा ठिकाणी अडकला. पोटात पाणी साचू नये म्हणून खाली भोकं ठेवली, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात डासांचा कारखाना झाला असता.

आणि गंज. कंटेनरचा पत्रा कॉर्टेन नावाच्या पोलादाचा असतो. त्यात थोडं तांबं, क्रोमियम वगैरे मिसळलेलं असतं, त्यामुळे वर चढलेला गंज घट्ट थर धरतो आणि आतलं लोखंड वाचवतो. म्हणून परदेशातल्या शिल्पांच्या चित्रांत तो विटकरी, मखमली गंज रंगाशिवाय ठेवलेला दिसतो. इथे ते चालत नाही. घारापुरीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, आणि मिठाने तो थर कधी घट्ट होतच नाही, पापुद्रे सुटत राहतात. इथे लोखंड रंगवावंच लागतं, आणि एकदा नव्हे, दर वर्षी.

हे न ऐकल्याचा परिणाम मी २०१७ ते २०१९ मध्ये भोगला. चिंबोरीचे फोटो पाहून एका कंपनीच्या बागेसाठी मला मोर करायचं काम मिळालं. पिसाऱ्यासाठी साखळ्या, गियरच्या चकत्या आणि स्पॅनर वापरले. मनापासून केला होता. मी सांगितलं होतं, दर वर्षी पावसाआधी घासून प्रायमर आणि रंग लागेल, महिनाभर आधी कळवा, मी येईन, मजुरी नको, फक्त रंगाचे पैसे द्या. त्यांना वरून सोनेरी स्प्रे हवा होता. प्रत्येक स्पॅनर, प्रत्येक चकती त्या एका सोनेरीत बुडाली. काय कशाचं आहे ते ओळखू येईना. मला ते पटलं नव्हतं, पण पैसे घेतले होते म्हणून गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. दोन पावसाळ्यांत सोनेरी रंगाखालून गंज फुटला, पिसाऱ्याच्या साखळ्या गळायला लागल्या. कोणी कळवलं नाही. २०१९ च्या दिवाळीनंतर मी भंगाराच्या आवारात दुसरंच काही शोधत होतो आणि ढिगात मोराची मान दिसली.

भंगारवाल्या शेठना मी ओळखतो. त्यांनी काही विचारलं नाही, मोर काट्यावर ठेवला. १८४ किलो भरला. त्या दिवशीचा भाव २६ रुपये होता. ४,७८४ रुपये मोजून मी माझा मोर घरी आणला. शेठ म्हणाले, "अरे, ८४ राहू दे." मी पूर्ण दिले. ज्या लोखंडाला मी तीन महिने दिले, त्याचा भाव कमी करून घ्यायचा नव्हता.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात, २०१८ मध्ये, मी चंदीगडला रॉक गार्डन बघून आलो होतो. माझा एक मित्र ट्रेलर घेऊन पंजाबात जातो, त्याच्या शेजारी बसून गेलो. नेकचंद सैनी हे तिथल्या बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारे साधे कर्मचारी. नवं शहर वसवताना पाडलेल्या खेड्यांचा राडारोडा त्यांनी उचलला आणि १९५७ पासून जंगलात, कोणाला न सांगता, सरकारी जागेवर आपली बाग रचली. उघडकीला आली तेव्हा पाडायचा विचार झाला, पण १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली केली गेली. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते साल वाचून मी तिथल्या पाटीपुढे थोडा वेळ उभा राहिलो. त्याच साली आमच्याकडे जमिनीसाठी माणसं पडली होती. नवं शहर उभं करायला आधीची गावं मोडावी लागतात, हे त्यांच्याकडे आणि आमच्याकडे सारखंच. पण तिथल्या मोडलेल्या गावांचे तुकडे एका माणसाने जपले. फुटक्या बांगड्यांचे कपडे घातलेल्या बायका ओळीने उभ्या आहेत. त्या बांगड्या कोणाच्या तरी हातातल्या होत्या हे लपवलेलं नाही, उलट त्यानेच ती ओळ जिवंत वाटते. १९९६ मध्ये नेकचंद परदेशात असताना बागेची नासधूस झाली. सांभाळणारं माणूस हललं की काय होतं ते तिथेही घडून गेलं आहे. २०१५ च्या जूनमध्ये ते वारले.

२०१९ मध्ये दिल्लीत सराई काले खाँला भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती केलेली बाग सुरू झाली. सुमारे दीडशे टन भंगार त्यात वापरलं. मेहनत मोठी आहे आणि करणाऱ्या वेल्डरांचे हात मला फोटोतूनही दिसतात. तरीही माझं मत सांगतो. सायकलची चेन आणि गाडीचे भाग लावून आयफेल टॉवर केला तर बघणारा टॉवर बघतो, चेन बघत नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्यात सीट सीटच राहिली, हँडल हँडलच राहिलं, आणि बैलही झाला. माझ्या कामात मी त्याच्या आसपासही नाही, पण जायचं त्या दिशेने.

आंब्याला टेकवलेलं ते छत शेवटी २०१९ च्या पावसानंतर बागेत गेलं. लॉक रॉडपेक्षा जाड चार पाइपांवर, जमिनीपासून आठ फुटांवर, चारही बाजू मोकळ्या ठेवून. खाली दगडी फरशी. भोकांच्या कडा मी आतून-बाहेरून प्रायमरने भरवल्या, पण एकही भोक बुजवलं नाही. ज्या हातांनी वर्षानुवर्षं अशी भोकं बुजवली, त्याच हातांनी ती राखायची, हे सुरुवातीला विचित्र वाटलं. मला वाटलं होतं, मुलं खाली उताणी पडतील आणि दिवसा चांदण्या बघतील. तसं झालंही. दुपारी फरशीवर उजेडाचे गोल गोल ठिपके पडतात, मुलं ते पायाने पकडतात.

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. मी कामावर जाण्याआधी बागेत गेलो. डिसेंबरातला सकाळचा सूर्य खाली असतो, त्यामुळे छताची सावली लांब पश्चिमेला, वाटेच्या फरशीवर पडली होती. ढगांतून मधून मधून ऊन येत होतं. नऊनंतर एकदा ऊन स्वच्छ आलं आणि सावलीतले ठिपके गोल नव्हते. प्रत्येक ठिपक्याची कोर झाली होती, कोयत्यासारखी. शेकडो कोयते, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. भोकाचा आकार काहीही असो, त्यातून येणारा उजेड सूर्याचं चित्र टाकतो. एरवी सूर्य गोल म्हणून ठिपकाही गोल. हे मी नंतर गावातल्या शाळेच्या गुरुजींकडून समजून घेतलं. त्या क्षणी मला काही कळलं नव्हतं. शाळेला निघालेली चार मुलं थांबली. आम्ही पाचही जण सूर्याकडे न बघता फरशीकडे बघत उभे राहिलो. एकीने हात पुढे केला आणि तिच्या तळव्यावर तीन कोयते पडले. तिने मूठ बंद केली, पुन्हा उघडली. तरी तिथेच होते.

त्या दिवशी यार्डात मी अर्धा तास उशिरा पोचलो. डब्यात शिरलो, दार लागलं, एक भोक सापडलं. खडूने गोल केला.

लोक आता विचारतात, मला माझ्या सोसायटीत, शाळेत, ऑफिसात असं काही करून द्याल का. करून देतो, पण तीन गोष्टी आधी विचारतो. लोखंड पावतीचं आहे का? बंदराच्या कुंपणाच्या आतलं किंवा जहाजावरचं लॅशिंग, साखळ्या, कसलंही सामान कोणी 'असंच मिळालं' म्हणून आणलं तर मी त्याला हात लावत नाही. ते कोणाच्या तरी जिवावरचं सामान असतं. दुसरं, जे करायचं ते तिथल्या माणसांना ओळखता येईल का? पनवेलच्या शाळेत पेंग्विन मागतात, मी कर्नाळ्याच्या अभयारण्यातला पक्षी सुचवतो. आणि तिसरं, पाच वर्षांनी याला रंग कोण लावणार, त्याचं नाव सांगा. या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक बोलणी संपतात. संपू देत. मोर अजून माझ्या घरामागे आहे, सोनेरी रंग निम्मा उतरवून झाला आहे, पिसाऱ्यातला प्रत्येक स्पॅनर आता स्पॅनर दिसतो. त्याला कायमची जागा आणि एक जबाबदार माणूस मिळाला की मी तो फुकट देणार आहे.

तुमच्या गावात, शहरात भंगाराचं शिल्प उभं राहत असेल तर फीत कापणाऱ्यांना एवढंच विचारा: पुढच्या मे महिन्यात ब्रश कोणाच्या हातात असेल? आमच्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं आहे. मे महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी सहा. आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढायचं, मग तारेच्या ब्रशने घासायचं, ऊन चढून पत्रा कोरडा झाला की प्रायमर, संध्याकाळी रंग. चिंबोरीच्या पाठीवरच्या नंबरावर आधी टेप लावायची, तेवढं मी करतो. मागच्या वर्षी एकवीस मुलं आणि मासळीवाल्या मावशी आल्या होत्या. ब्रश, रंग आणि नाश्ता बागेत मिळेल. येणाऱ्याने फक्त जुने कपडे घालून यावं.